मिसरी मिस्त्रीचं दार

माझ्या घराला जवळजवळ तीन महिने पुढचं दार नव्हतं. ते चोरीला गेलं नव्हतं की जळालं नव्हतं. प्राचीन इजिप्तमध्ये रंधा नव्हता, म्हणून माझ्या घराला दार नव्हतं. हे वाक्य मी जुळे सोलापुरातल्या आमच्या निम्म्या कॉलनीला ऐकवलं आहे, आणि प्रत्येकाने आधी माझ्याकडे, मग आत खाटेवर बसलेल्या माझ्या आईकडे पाहिलं आहे. या दोघींपैकी डोकं नक्की कुणाचं फिरलंय, असा त्या पाहण्याचा अर्थ.

फिरलं होतं ते आईचं. डॉक्टर त्याला इंग्रजी नाव देतात, शेजारच्या अक्का "विसर पडतोय त्यांना" एवढंच म्हणतात. आईला मी आठवायची, पण रोज नाही, आणि ज्या दिवशी आठवायची त्या दिवशीही संध्याकाळपर्यंत टिकायची नाही. मी तिची मुलगी आहे हे सुटलं की ती मला "बाई" म्हणायची. मी छत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, सगळं गाव मला बाई म्हणतं, त्याचं काही वाटत नाही. आईने म्हटलं की वाटायचं.

खरी पंचाईत दुपारी चारची. चार वाजले की आईला घरी जायचं असायचं. घरातच बसलेली असायची, पण घरी जायला निघायची. घर म्हणजे मंगळवेढ्याचं, तिचं माहेर, जिथे आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. एकदा तर ती एसटी स्टँड गाठून मंगळवेढ्याच्या गाडीत खिडकीशी जाऊन बसली. कंडक्टरने तिकीट विचारलं तर म्हणाली, "तिकडं वडील उभे आहेत, ते देतील." एवढी म्हातारी आणि वडील उभे, म्हटल्यावर तो समजला. तिच्या गळ्यातल्या दोऱ्याला मी नंबराची चिठ्ठी अडकवलेली होती म्हणून फोन आला. रिक्षातून परत येताना ती शांत होती. मीच रडत होते, आणि ती मला विचारत होती, "बाई, तुमचं कोण गेलं?"

त्या दिवशी ठरवलं, दार बदलायचं. जुन्या दाराची कडी तिच्या हाताला येत होती. मला कडी वर हवी होती, चौकटीच्या माथ्याशी. पण जुन्या दारात वाळवीने कडी ठोकायला लाकूडच ठेवलं नव्हतं. आई आत राहील असं एक दार, एवढीच माझी मागणी होती.

मिस्त्री माझाच जुना विद्यार्थी. सातवीला इतिहास शिकवला होता त्याला, म्हणजे मी शिकवला होता, तो शिकला असावा असा काही पुरावा नाही. आता चाळिशी उलटलेला, दाढीत पांढरं आलेलं. वडील नामांकित सुतार होते. हा मात्र मॉड्युलर किचनवाला, म्हणजे प्लायवूड, सनमायका आणि कापायचं मशीन. आल्याबरोबर त्याने जुन्या दाराला बोट लावलं, तर बोट आत गेलं. मग दोन्ही हातांनी धरून उचललं, तर दाराचा त्याच्या हातातच भुगा झाला.

"गेलं, बाई," तो म्हणाला. पेशंट गेल्यावर डॉक्टर सांगतात तसं.

"आता?"

"चार दिवस द्या. सागवानाचं देतो. मशीनवर पट्ट्या काढतो, बसवून टाकतो."

चार दिवस. मी अक्कांकडून एक जाड चादर आणून चौकटीवर टांगली. अक्कांचं अख्खं घर विणकरांचं, तेलुगू माणसं, घरात चादरींना तोटा नाही. त्या चादरीवर वाघ विणलेला होता. चार दिवस वाघ राखेल, असं अक्का म्हणाल्या.

आणि मग मी चहा केला. तीन महिने मी स्वतःला त्या चहाबद्दल दोष देत आले आहे. मी आत आधण ठेवलं तेवढ्यात मिस्त्रीने टीपॉयवरचं पुस्तक उघडलं. निवृत्तीच्या वेळी शाळेने शाल, नारळ आणि प्राचीन इजिप्तवरचं हे भलंमोठं रंगीत पुस्तक दिलं होतं. मी चहा घेऊन आले तेव्हा तो चष्मा कपाळावर चढवून एका पानात नाक घालून बसला होता. थडग्याच्या भिंतीवरचं चित्र होतं, सुतारांचं, आणि शेजारच्या पानावर त्यांच्या हत्यारांचे फोटो.

"बाई, ह्यो तर वाकस हाय की."

वाकस म्हणजे तासायचं हत्यार. छोट्या कुदळीसारखं, पातं आडवं. चित्रातला सुतार तोच घेऊन फळी तासत होता.

"आणि ह्यो सामता. धनुकलीची दोरी गुंडाळायची आन् मागं-पुढं करायचं, भोक पडतं. अब्बांच्या पोत्यात दोनी हायत. कुटला मुलुक ह्यो?"

"इजिप्त. शिकवलंय मी तुला. नाईल, पिरॅमिड."

"मग मिसर म्हना की, बाई. पैगंबरांच्या किश्श्यात येतं आमच्यात. मिसर." त्याने चित्रावरून बोट फिरवलं आणि थांबला. मला त्याचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. "मिसर. मिसरी. मिस्त्री."

"नाही," मी म्हणाले.

"मिसरी म्हंजेच मिस्त्री, बाई. आमी तितलेच."

मी त्याला समजावलं की मिस्त्री हा शब्द पोर्तुगिजांकडून आला आहे. त्यांच्या भाषेत वस्तादाला तसलाच काहीतरी शब्द आहे.

"पोर्तुगीज सोलापुरात कदी आले?"

"सोलापुरात असे आले नाहीत."

"मग?"

"मग इजिप्तचे तरी कधी आले?"

"त्ये म्हाईत न्हाय. पण पोर्तुगीज आले न्हाईत, ह्ये तर तुमीच म्हनला."

छत्तीस वर्षांत मला वर्गात कुणी असं पकडलं नव्हतं. मी चिडले आणि चिडून जे बोलू नये ते बोलले. म्हटलं, "त्यांच्याकडे रंधासुद्धा नव्हता. कसले तुझे पूर्वज?"

त्याने चहा खाली ठेवला. रंधा नाही तर लाकूड गुळगुळीत कसं केलं, असं त्याने विचारलं. मी पुस्तकात पाहून सांगितलं की वाकसाने तासायचे आणि मग दगडाने घासायचे. त्याने हत्यारांच्या फोटोंवरून पुन्हा बोट फिरवलं. मग म्हणाला, "सातवीत मी तुमाला इचारलं व्हतं, बाई. पिरॅमिडवाल्यांनी लाकूड कशानं कापलं. तुमी म्हनला, परीक्षेला येत न्हाय, बस खाली."

मला हे आठवत नाही. पण वाक्य माझंच आहे, त्यात शंका नाही.

चौथ्या दिवशी दार आलं नाही. मिस्त्री आला, खांद्यावर वडिलांचं पोतं. माझं दार तो मिसरी पद्धतीने करणार होता, अगदी चित्रातल्यासारखं, रंध्याशिवाय, खिळ्याशिवाय. मी कडाडले. आई बाहेर जाते, मला दार हवंय, तुझं संशोधन नको. त्याने सगळं ऐकून घेतलं. सोलापुरात माझा आवाज प्रसिद्ध आहे, तो त्याच आवाजाखाली वाढलेला. शेवटी म्हणाला, "आता परीक्षाच हाय की, बाई." आणि मी हरले. खरं सांगायचं तर मला थोडं बरंही वाटलं. इतक्या वर्षांत एका तरी विद्यार्थ्याला इजिप्तपायी झोप लागेनाशी झाली होती.

आधी तांबं. चित्रातली हत्यारं तांब्याची होती. माझ्या गच्चीवर जुना तांब्याचा बंब पडलेला, तो मी देऊन बसले. तांबटाने त्याची एक करवत आणि लाकूड कोरायच्या दोन पटाश्या ठोकून दिल्या. मिस्त्रीने करवत सागवानाच्या फळीला लावली. तिसऱ्या ओढीला करवतीने मान टाकली. त्याने ती सरळ केली, पुन्हा ठोकली, पुन्हा ओढली. मी पुस्तकात पाहिलं, तर तांबं कडक व्हायला त्यात सोमल असायचा, असं लिहिलेलं.

"सोमल म्हंजे?"

"विष. उंदराला घालतात."

"मग न्हाय," तो म्हणाला. घरात म्हातारं माणूस आहे, हे त्याच्या लक्षात होतं. मला ते तेव्हा आवडलं, पण मी तसं बोलले नाही.

तांब्याला झेपेना, तेव्हा त्याने दोष लाकडाला दिला. सागवान मिसरात नव्हतंच, तर त्याला ही करवत कशी चालेल. मग त्यांच्याकडे काय होतं? पुस्तकात उंबराच्या जातीचं एक झाड होतं. उंबर म्हटल्यावर तोच म्हणाला, "उंबर तोडायचा न्हाय, दत्ताचा असतो." मग राहिली बाभूळ. बाभळीचं कुणी घराचं दार करतं का, बाभळीचा नांगर, बैलगाडी, हत्याराचे दांडे. हे त्याला पटवून द्यावं म्हणून मी मोबाइलवर बाभळीची माहिती शोधली. तिथे तिचं शास्त्रीय नाव होतं आणि त्या नावात चक्क नाईल नदी होती. नायलोटिका. आपल्या बांधावरची काटेरी बाभूळ, नाईलकाठची.

मी हे त्याच्यापासून दोन दिवस लपवलं. दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही. शेवटी शिक्षक तो शिक्षकच, सांगून टाकलं आणि सांगितल्या क्षणी पस्तावले. मिस्त्री जागचा उठला, हात धुऊन आला आणि पुस्तकाला हात लावून कपाळाला लावला. दुसऱ्या दिवशी तो त्याच्या मेव्हण्याकडे मंगळवेढ्याला गेला आणि टेम्पोत दोन वर्षं वाळलेलं बाभळीचं खोड घालून घेऊन आला.

या सगळ्या काळात घर उघडं होतं. उघडं घर म्हणजे काय, ते ज्याच्या घराला दार आहे त्याला कळणार नाही. एक शेळी रोज यायची, सरळ स्वयंपाकघरात, भाजीच्या टोपलीपाशी. गॅसवाला आत येऊन सिलिंडर लावून जायचा. लग्नाच्या पत्रिका वाटणारे वाघाला नमस्कार करून आत यायचे. एक गृहस्थ आत येऊन पंख्याखाली बसले, पाणी मागितलं, आणि हा दवाखाना नाही हे त्यांना अर्ध्या तासाने कळलं. रात्री मी चौकटीत खाट आडवी टाकून झोपायची. दिवसा मी बाजारात गेले की अक्का येऊन उंबऱ्यावर पाय पसरून बसायच्या. आणि दुपारी चारला मी हातातलं काम टाकून आईच्या मागे. ती पुढे, मी मागे, कॉलनीला दोन फेऱ्या. कधी पहिल्या फेरीतच परत यायची, कधी विजापूर रोडपर्यंत जायची. दोनदा ती मला सापडेना झाली. एकदा ती पाण्याच्या टाकीखाली सापडली, सावलीत बसली होती, आणि मला म्हणाली, "बाई, माझी मुलगी शाळेतून आली की मला न्यायला येईल." मी तिथेच खाली बसले.

त्या संध्याकाळी मी मिस्त्रीला फोनवर जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो दुसऱ्या दिवशी सकाळी सातला हजर झाला आणि रोज येऊ लागला. मात्र पद्धत सोडली नाही.

मिसरात फळी आडवी ठेवून कापत नसत. उभ्या खांबाला दोरीने बांधत आणि उभं राहून वरून खाली ओढत. मिस्त्रीने खोडाचा एक मोठा तुकडा माझ्या फाटकाच्या खांबाला बांधला, सुंभाने गच्च आवळून, आणि नमाजाला गेला. तो परत येईस्तोवर कुणीतरी त्या खोडाला हळदीकुंकू वाहिलं होतं. दुपारी फूल. संध्याकाळी नारळ. रस्त्याने जाणाऱ्या बाया चपला काढून थांबत. मी सांगत होते, अहो दार आहे हे, माझं दार. त्या म्हणत, हो हो, देवीचं दार.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री करवत लावायला गेला तर अक्काच आडव्या आल्या.

"आज वद्दू, नको. शुक्रवार आहे."

"अक्का, तुम्ही पण?" मी म्हटलं. "खोड बांधताना तुम्ही इथेच होता."

"होते," अक्का म्हणाल्या, "पण आता कुंकू लागलंय की."

तर शुक्रवार गेला, शनिवारी अमावस्या आली, अमावस्येला सुतार हत्याराला हात लावत नाही, मिसरी असला तरी. सोमवारी मिस्त्रीने स्वतःच्या पैशाने नारळ फोडला, खोडाची क्षमा मागितली आणि करवत लावली. यावेळी वडिलांची, पोलादी. मी विचारलं, तांब्याचं काय झालं. "मिसरातबी शेवटी शेवटी लोखंड आलंच असंल की, बाई." शास्त्र त्याच्या सोयीने लोखंडी व्हायचं. रंधा मात्र नाही म्हणजे नाही.

मग माप. टेप आणला होता, पण काढला नाही. मिसरात हाताने मोजत, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. तसं आपल्याकडेही पूर्वी मोजत, पण त्याला तेही मिसरातूनच आलेलं वाटत होतं. कुणाचा हात धरायचा? पुस्तकात राजाचा होता. त्याने घरात पाहिलं. घरात सगळ्यात मोठी आई. तिच्यापुढे उकिडवा बसून म्हणाला, "आजी, हात द्या जरा." आईने हात पुढे केला, बोटं जुळवून, अंगठा आत दुमडून, बांगड्या भरायला करतात तसा. "हिरव्या भर," ती म्हणाली, "आणि घट्ट नको, मला काम असतं."

मिस्त्रीने दोरी तिच्या कोपरापासून बोटापर्यंत धरली. मग त्या मापाची काठी केली. माझ्या घराचं दार आईच्या हाताने साडेचार हात निघालं. मी भिंतीकडे तोंड करून उभी होते, नाहीतर त्याच्यापुढे रडले असते, आणि त्याच्यापुढे मी आजवर फक्त ओरडले आहे.

काठीचं माप झालं, आता चौकट तपासायची. त्याने तीन पट्ट्यांचा एक त्रिकोणी सांगाडा केला, मधोमध ओळंबा लोंबता. तेही त्या पुस्तकातलंच. तो जमिनीवर ठेवला आणि मान हलवली. घर वाकडं होतं. माझं कर्ज फिटायला वीस वर्षं लागलेलं घर, बिल्डरने एका अंगाला कलतं बांधून दिलेलं.

"दार सरळ केलं तर वाकडं दिसंल," मिस्त्री म्हणाला. "आन् वाकडं केलं तर मिसरात नाव जाईल."

मी विचारलं, मिसरात कुणाला कळणार आहे. तो मोठ्या गंभीरपणे म्हणाला, "मला कळंल."

दार सरळ झालं. म्हणजे होऊ लागलं. मिसरात मोठी झाडं नव्हती म्हणून ते छोट्या वेड्यावाकड्या फळ्या खुंट्यांनी जोडत, तसंच. बाभळीचं खोडही वाकडंच, त्याच्या तेरा फळ्या निघाल्या, एकीसारखी दुसरी नाही. सामत्याने भोकं पाडायची, लाकडी खुंट्या ठोकायच्या. बिजागऱ्या नाहीत, दाराच्या कडेच्या फळीलाच वर-खाली खुंटा, आणि तो दगडाच्या खळग्यात फिरणार. "अक्कलकोटकडं माझ्या आजोळी असली दारं हायत," मिस्त्री म्हणाला, आणि मग त्याच्याही लक्षात आलं की आजोळ मिसरात नाही. पण तो विषय त्याने वाढवला नाही.

शेवटी दार व्हरांड्यात दोन स्टुलांवर आडवं पडलं, खरखरीत, वाकसाच्या खुणांनी भरलेलं. आता दगड. वालुकाश्म हवा होता, आपल्याकडे काळा पाषाण. त्याने कुठूनतरी फुटक्या जात्याचे दोन तुकडे आणले, वाळू टाकली आणि घासायला लागला. खर्रऽ खर्रऽ.

आई आतून उठून आली. बराच वेळ उभी राहून पाहत होती. मग म्हणाली, "बाप्याचं काम नव्हे ते," आणि त्याच्या हातातून दगड काढून घेतला.

मी पुढे झाले. मिस्त्रीने मला हाताने थांबवलं.

ती घासत राहिली. स्टूल ओढून बसली, पदर खोचला, एका लयीत, पुढे-मागे. लोकांना हे सांगितलं की ते विचारतात, ओव्या म्हटल्या असतील ना. अजिबात नाही. ती माझ्या आत्यांना शिव्या घालत होती. एकेका आत्याचं नाव घेऊन, तिने कधी काय केलं, कुठला दागिना कसा लांबवला, कुणाच्या बारशाला हिला कुठे बसवलं. साठ वर्षांचा हिशोब, एकही नाव न विसरता. मी तोंड उघडं टाकून ऐकत होते. आणि ऐकता ऐकता घड्याळाकडे पाहिलं तर साडेपाच वाजले होते. चार वाजून गेले होते, आणि ती उठली नव्हती.

दुसऱ्या दिवशीही तसंच झालं, तिसऱ्याही. ती सकाळी उठली की व्हरांड्यात यायची, दगड शोधायची. दुपारी चारला मी चपला घालून तयार राहायची, सवयीने, आणि ती घासत बसलेली असायची. घराला दार नव्हतं, समोर फाटक उघडं, पलीकडे मंगळवेढ्याकडे जाणारा रस्ता, आणि तिला कुठेही जायचं नव्हतं. मिस्त्री त्या दिवसांत दुसऱ्यांची किचनं उरकायचा, संध्याकाळी येऊन दाराची दुसरी बाजू वर करून जायचा. मी त्याला घाई करत राहिले. अजून किती दिवस, पावसाळा येईल, चादर किती दिवस टांगू. मला दार हवं होतं ना.

दार झालं. आईने ते इतकं घासलं होतं की बाभळीचा तांबूस रंग उजळून निघाला होता आणि हात फिरवला तर अडकत नव्हता. मिस्त्रीने दार खळग्यात बसवलं. घर वाकडं असल्यामुळे दार वाकडं दिसत होतं, म्हणजे एकटंच सरळ होतं. वर, चौकटीच्या माथ्याशी, त्याने लाकडी अडसर केला होता, आईचा हात पुरणार नाही असा. अक्का येऊन दाराला हळद लावून गेल्या. मिस्त्री दाराकडे पाहत उभा होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्याला म्हटलं, "पास." एवढंच म्हटलं, आणि ते त्याला पुरलं.

दुसऱ्या दिवशी मी अडसर लावून वरणाला फोडणी देत होते. चार वाजले असतील. दारावर थाप पडली.

कोण आलं म्हणून मी बाहेरच्या खोलीत आले. थाप आतून पडत होती. आई दारासमोर उभी होती, घरात, दाराकडे तोंड करून.

"कोण आहे का घरात? उघडा ना, बाई. लांबून आलेय."

मी म्हटलं, आई, तू आतच आहेस. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पुन्हा थाप. "उन्हाचं आलेय. पाणी तरी द्या." मी काय करावं ते मला कळेना. फोडणी जळली, त्याचा वास घरभर झाला. शेवटी मी अडसर काढला, दार उघडलं. ती उंबरा ओलांडून बाहेर गेली, वळली आणि दारात उभ्या असलेल्या मला तिने हात जोडले. मी तिला पाणी दिलं. पायरीवर बसून ती प्यायली. "तुमचं घर चांगलं आहे," तिने मला सांगितलं, "पण दार फार जड केलंय."

त्याच्या पुढच्या दिवशी तेच. त्याच्याही पुढच्या दिवशी, फक्त आता सकाळपासून. ती दगड शोधत व्हरांड्याकडे निघायची, वाटेत बंद दार, मग दाराला थापा. तिचे तळवे लाल झाले. मी जे मागितलं होतं ते मला मिळालं होतं, आई आत राहील असं दार. आणि ती आत राहून बाहेर राहिली होती. मला माझी इतकी चीड कधी आली नव्हती.

चौथ्या दिवशी मी मिस्त्रीला बोलावलं. तो पोतं घेऊन आला. बिघडलं काय, म्हणून दार उघडून-मिटून पाहिलं. काही बिघडलं नव्हतं.

"खरखरीत राहिलंय," मी म्हणाले.

त्याने तळहात दारावरून फिरवला, वरपासून खालपर्यंत. मग आईकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून उभी होती, लाल तळवे पदरात गुंडाळून. मिस्त्रीचा मिसरी अभिमान मला माहीत होता, तेवढ्यासाठी तो वाद घालेल असं वाटलं होतं.

"व्हय बाई," तो म्हणाला. "लई खरखरीत हाय. माझंच चुकलं."

बिजागऱ्या नव्हत्या, त्यामुळे दार नुसतं उचलून निघालं. त्याने ते व्हरांड्यात स्टुलांवर आडवं ठेवलं, वाळू टाकली आणि म्हणाला, संध्याकाळी येऊन बसवून जात जाईन, सकाळी उतरवून जात जाईन, वाटेवरच हाय. आई आली, स्टूल ओढलं, पदर खोचला. खर्रऽ खर्रऽ. मीही पदर खोचला. मग दुसरा दगड घेतला आणि तिच्यासमोर, दाराच्या दुसऱ्या टोकाला बसले. मला ते जमत नव्हतं, दगड सटकत होता. तिने घासता घासता वर पाहिलं.

"कुणाची गं तू?"

"तुझीच," मी म्हणाले.

तिने माझ्या हातातल्या दगडाकडे पाहिलं.

"मग नीट घास की," ती म्हणाली.